साडूची हार्डडिस्क

एका आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या साडूंनी एक पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून, हात अंगापासून लांब ठेवून मोताळ्याचा भर रस्ता ओलांडला आणि तो माझ्या टेबलावर वरून सोडला. मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर नेतात, तसा.

“पाहुणे, हे तुमचं पिल्लू,” ते म्हणाले. “तुमच्यापाशीच राहू द्या. माह्या घरात सोडू नका.”

दुकानात तेव्हा चार-पाच गिऱ्हाइकं होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “पिल्लू कायचं?”

“व्हायरस, बावाजी. यांच्या मशीनले रोग लागला हाये. यांच्याकडं जे लावसान, त्याले लागते.”

म्हातारा अर्ज टाइप करून घ्यायला आला होता. त्याचा हात माझ्या टेबलावर होता, तो त्यानं हळूच उचलला. “मंग हात धुवा लागते काय?” त्यानं मला विचारलं. ही थट्टा नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. साडू हसत परत गेले. मी म्हाताऱ्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पायरी उतरताना त्यानं हात धोतराला पुसला, ते आठवतं.

आमची दुकानं समोरासमोर होती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून मानानं मोठे. कॉम्प्युटरवर मराठी जुळवायचं काम आम्ही दोघं बुलढाण्याला एकाच क्लासमध्ये, एकाच मशीनपुढे बसून शिकलो होतो. नंतर दोघांनीही मोताळ्यात दुकान टाकलं. अर्ज, पावतीपुस्तकं, दुकानाच्या पाट्या असं सगळं करत असलो तरी पोट लग्नपत्रिकांवर होतं. आम्ही मजकूर जुळवायचा, पातळ बटर पेपरवर त्याची छापील प्रत काढायची आणि ती मलकापूरच्या प्रेसला पाठवायची. पेनड्राइव्ह तेव्हा नवा होता. काही जण तो दोरीत ओवून गळ्यात घालून फिरायचे, आणि माझ्याकडं सुरू केलेलं काम समोर नेऊन पुरं करून घ्यायचे. तसाच एक पेनड्राइव्ह माझ्याकडून साडूंकडं गेला होता आणि त्यांच्या मशीननं तो लावल्याबरोबर बोंब मारली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी लावली, ‘येथे पेनड्राइव्ह तपासूनच लावला जाईल.’ माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. पण पाटी वाचून माणूस मागं वळला की समोर माझंच दुकान दिसायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी विसरलो असतो. पण पुढं अधिक महिना आला आणि सासूबाईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पाट शेजारी शेजारी मांडले होते. औक्षण झालं, ताटं आली, आणि पुरणाचे धोंडे वाढायला सासूबाई वाकल्या तेवढ्यात साडू म्हणाले, “आई, यांचं ताट जरा लांब सरकवा. आपल्याले लागन काही.”

सगळे हसले. सासरे हसले, मेहुणा हसला. दारात उभी असलेली माझी बायकोही पदर तोंडाला लावून हसली. ती वाईट मनानं हसली नव्हती, विनोद तिला आवडला एवढंच. पण मी तो धोंडा तुपात बुडवून खाल्ला तो दातांखाली खडा चावावा तसा. घरी येताना मोटरसायकलवर ती मागं बसून बोलत होती आणि मी गाडी जोरात हाणत होतो. या माणसाला मी भर बाजारात उभं करीन, असं मी तेव्हाच ठरवलं. कसं, ते ठरलं नव्हतं.

एक गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. साडू खोटं बोलत नव्हते.

माझं मशीन काही दिवसांपासून अडत होतं. व्हायरसची तपासणी सुरू केली की थोडी पुढं जायची आणि पडदा गोठून जायचा. माऊसचा बाण हलायचा नाही, कोपऱ्यातल्या घड्याळाचा आकडा थांबलेला. गिऱ्हाईक खोळंबायचं. मग मी तपासणी बंद करून काम करायचो, आणि पेनड्राइव्ह न तपासता लावायचो. माझ्या दुकानातून घाण बाहेर गेली ती अशी. गोठण्याचं कारणही मीच करून ठेवलेलं होतं. एक अँटिव्हायरस नेटवरून फुकटचा घेतला होता, दुसरा बुलढाण्याहून सीडीवर आणला होता, आणि दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले होते. शेताला एकापेक्षा दोन कुत्री बरी, असा माझा हिशेब. ती दोन कुत्री दिवसभर एकमेकांवरच भुंकत होती. फाईल एकानं धरली की दुसरा तिच्यावर झडप घालायचा, आणि मशीन दोघांच्या मध्ये अडकून पडायचं.

हे मला कुणी शिकवलं नाही. धोंड्याच्या जेवणानंतर मी रागानं शिकलो. अभ्यास म्हणून जे क्लासमध्ये डोक्यात गेलं नव्हतं, ते सगळं आता गेलं. आधी दोनातला एक काढला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तरी तपासणी एकाच जागी येऊन थांबायची. तेव्हा लक्षात आलं की ती थांबत नाही. त्या जागी पत्रिकांच्या किनारी आणि चित्रांची एक मोठी बांधलेली, म्हणजे झिप केलेली, फाईल होती, तिच्या पोटात हजारो चित्रं, आणि अँटिव्हायरस एकेक उलगडून बघत होता. मशीनच्या पुढच्या अंगाला एक लहान लाल दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे, आपण हात बांधून बसावं. तो विझलेला किंवा नुसता टक्क लागलेला असेल आणि बराच वेळ तसाच राहिला, तर खरं अडकलं. हा फरक कळायला मला कितीतरी वेळा उगाच बटण दाबून मशीन मारावं लागलं.

नेटवरून उतरवलेली फाईल कशी ओळखायची, तेही तेव्हाच शिकलो. फाईलच्या नावाची शेपटी, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, मशीन लपवून ठेवतं, ती दिसेल अशी सोय करून घेतली. त्याबरोबर माझ्या किनारींमध्ये एक पिवळं फोल्डर सापडलं, ते फोल्डर नव्हतंच. चेहरा फोल्डरचा, शेपटी चालत्या प्रोग्रामची. फोल्डरपुढं कधी वजन, म्हणजे फाईलचा आकार, लिहिलेलं नसतं, याच्यापुढं होतं. पुढं पुढं मी कुठलीही उतरवलेली फाईल दुहेरी टिचकी मारून उघडायची नाही, आधी उजवी टिचकी मारून तपासायची, आणि शंका आली तर अनेक अँटिव्हायरसांकडून एकदम तपासून देणाऱ्या साईटवर चढवून बघायची, असा नेम केला. आमच्याकडं नेट इतकं हळू की फाईल चढेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पण मी चढवायचो. माझं मशीन असं झालं की त्यात डाग म्हणून राहिला नाही. आणि हे सगळं करताना माझ्या डोळ्यांपुढं गिऱ्हाईक नव्हतं, साडूंचं तोंड होतं.

लगीनसराई भरात आली तेव्हा ते तोंड माझ्या दुकानाच्या पायरीवर आलं. त्या दिवशीही बाजारच होता.

साडूंसोबत रोहिणखेडच्या पलीकडच्या एका गावचे गृहस्थ होते, एसटीत कंडक्टर. बौद्ध कुटुंबातले, बोलायला मोकळे. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि निळ्या पत्रिकेचा मजकूर साडूंकडं जुळवून तयार होता. खरं तर तेच साडूंना ओढून घेऊन आले होते. साडूंच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेला मशीनचा डबा होता.

“जयभीम,” कंडक्टर म्हणाले. “दोघं साडू तुम्ही, भांडून राह्यले तुम्ही, अन् लगन माह्या पोरीचं. यांचं मशीन बसलं. यातून माही पत्रिका काढून द्या, मले सांजच्या आत मलकापूरच्या प्रेसले टाका लागते. उद्या ड्यूटी जालन्याची हाये, तिकडच्या सोयऱ्यांले हातानं देऊन येतो. मंग मले सुट्टी नाही.”

साडूंनी डबा टेबलावर ठेवायला उचलला.

“इथं नका ठेवू,” मी म्हणालो. “खाली ठेवा. लांब.”

त्यांनी तो खाली ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, “भाऊ, किनारीचा नवा सेट उतरवला होता. त्याच्यानंच झालं.” ‘पाहुणे’ गेलं होतं, ‘भाऊ’ आलं होतं.

कुठं उतरवला असेल ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. आमच्या धंद्यात सगळ्यांची एकच खोड होती. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर कुणीच विकत घेतलेलं नसायचं, कुलूप तोडलेली प्रत हातोहात फिरायची, आणि कुलूप तोडणारी ती फाईल दिसली की प्रत्येक अँटिव्हायरस तिला चोर म्हणून धरायचा. धरलं की फॉन्ट गेले, फॉन्ट गेले की दुकान बंद. म्हणून आम्ही ते फॉन्टचं फोल्डर ‘तपासू नये’ या यादीत घालून ठेवायचो. मग त्या फोल्डरात अँटिव्हायरस कटकट करत नाही म्हणून नेटवरून उतरवलेलं सगळंच त्यात टाकायचो. घराची एक खोली राखणदाराला बंद, आणि चोराला त्याच खोलीत उतरवायचं. मीही तेच करत आलो होतो. फक्त मी काही महिने आधी थांबलो होतो.

हार्डडिस्क काढून मी माझ्या मशीनला दुय्यम म्हणून जोडली. आत पाहिलं. फोल्डरं सगळी होती, नुसती लपवलेली. पत्रिकेची फाईल मला दिसत होती. ती तेवढी एक फाईल तपासून बाहेर काढायची आणि बटर पेपरवर छापायची, एवढंच काम होतं. साडू टेबलाच्या त्या बाजूला होते, त्यांना पडदा दिसत नव्हता.

मी पूर्ण तपासणीवर टिचकी मारली. सगळी डिस्क, एकूण एक फाईल, बांधलेल्या फाईलींच्या पोटातल्या फाईलींसकट.

“आधी सगळं तपासून घेतो,” मी म्हणालो. “तपासल्याशिवाय माह्या घरात सोडता येत नाही.”

साडूंना कळलं. दुकानात एकच मोकळी खुर्ची होती, ती मी कंडक्टरांना दिली. साडू उभे राहिले. बाजाराची माणसं येत जात होती, आणि मी प्रत्येकाला, त्यानं न विचारता, सांगत होतो की साडूभाऊंच्या मशीनला लागण झाली आहे, इलाज चालू आहे. एक ओळखीचा कापूसवाला म्हणाला, “काऊन हो, तुमची तं तपासायची पाटी होती न?” लोक हसले. मला ते हसणं उसाच्या रसासारखं गोड लागलं. सासूबाईंच्या घरातलं हसणं मी त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं आणि हे जास्त मोठं होतं.

तपासणी किनारींच्या मोठ्या फाईलीपाशी आली आणि पडद्यावरचा आकडा थांबला.

“अटकलं काय?” कुणीतरी विचारलं.

लाल दिवा लुकलुकत होता. माझ्या मशीनचा डबा टेबलाच्या कडेला होता, दिवा माझ्याकडून दिसत होता आणि साडूंकडूनही दिसत होता. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते दिव्याकडं बघत होते. त्यांना ठाऊक होतं की काही अडकलेलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं की मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक आहे.

“अटकलं,” मी म्हणालो. तपासणी बंद केली आणि पहिल्यापासून सुरू केली.

ते बोलू शकले असते. दिवा चालू आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मागायला आलेल्या माणसानं, त्यात त्यांनी, मला कसं शिकवावं? ते या पायावरून त्या पायावर वजन टाकत उभे राहिले. दुसऱ्यांदा आकडा त्याच जागी आला, थांबला. मी पुन्हा म्हणालो, “पाहा, अटकलं.” आणि पुन्हा बंद करून पहिल्यापासून लावलं.

आता कंडक्टर खुर्चीत चुळबुळ करू लागले. “मंग नव्यानं टाइप करून द्या न. मजकूर माह्यापाशी कागदावर हाये. किती वेळ लागन?”

तासाभराचं काम होतं. “दुसऱ्या दुकानानं घेतलेलं काम आम्ही धरत नाही,” मी म्हणालो. असा नियम कुठंच नव्हता.

साडू पहिल्यांदाच वाकले. टेबलावर दोन्ही हात टेकून हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, माहं जे व्हायचं ते होऊ द्या. निस्ती ती एक फाईल काढून द्या. हे खोळंबले.”

याच क्षणासाठी मी एवढं शिकलो होतो. मी आवाज चढवून, बाहेरच्यांनाही ऐकू जावा असा, म्हणालो, “एका फाईलीनंच तर सगळं बाटते, साडूभाऊ.”

एक-दोघं हसले. कंडक्टर हसले नाहीत. ते खुर्चीतून उठले, सावकाश.

“भाऊ,” ते म्हणाले, “मशीन तुमचं हाये, दुकान तुमचं हाये. पन हा शब्द माह्यापुढं नका वापरू.”

आवाज वाढला नव्हता. हसलेली माणसं रस्त्याकडं बघू लागली. मी “तसं नाही, मी मशीनबद्दल” असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. “मशीनबद्दलच म्हनले तुम्ही, मले समजलं. पन मघापासून पाहून राह्यलो, इथं ठेवू नका, लांब ठेवा, उभे राहा. कोन कोनाले म्हनते त्याच्याशी मले काय करा लागते?” मग साडूंना म्हणाले, “चाला, गाडी लागली असन. मलकापूरलेच पाहू.”

साडू त्यांच्यासोबत गेले. डबा, हार्डडिस्क, सगळं माझ्याकडं टाकून गेले. दोघं रस्त्यानं जाताना दिसले, साडू कागद हातात धरून काही विचारत होते आणि कंडक्टर चालता चालता नावं सांगत होते. मी खुर्चीत बसून राहिलो. तिसरी तपासणी मी मध्ये थांबवली नाही. आकडा थांबला, दिवा लुकलुकत राहिला, आणि काही वेळानं आकडा आपसूक पुढं सरकला. संध्याकाळी डिस्क साफ झाली. लपलेली फोल्डरं एका ओळीच्या हुकुमानं बाहेर आली. निळी पत्रिका उघडून मी वाचली. खाली लहान मुलांची नावं होती, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी.

प्रेसमध्ये सराईची गर्दी होती. जुळणी नव्यानं करावी लागली आणि पत्रिका वेळेत झाल्या नाहीत, हे मला साडूंनीच डबा न्यायला आले तेव्हा सांगितलं. त्यांनी दिव्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पाटी मात्र त्यांनी काढून टाकली, आणि ती उतरवताना मी माझ्या दारात उभा राहून बघितलं. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. आजही त्या माणसाचं या पायावरून त्या पायावर होणं आठवलं की आधी बरं वाटतं, आणि मग कंडक्टर आठवतात. हा क्रम मला कधी उलटा करता आलेला नाही.

पावसाळा संपल्यावर बुलढाण्याच्या गाडीत कंडक्टर भेटले. मला उतरावंसं वाटलं, पण गाडी सुटली होती. ते तिकिटं फाडत माझ्यापाशी आले.

“कुठं?”

“बुलढाणा.” तिकीट घेतल्यावर मी विचारलं, “पोरीचं लग्न बरं झालं?”

“झालं न. चांगलं झालं.” त्यांनी पैशांची पिशवी सावरली. “जालन्याकडचे दोन घरं नाही आले. फोन केला होता, पन ते म्हने, पत्रिका साऱ्यांले अन् आम्हाले निस्ता फोन? माहा सख्खा मावसभाऊ हाये त्यातला एक. अजून बोलत नाही.”

“गाव कोणतं त्यांचं?”

“काऊन?”

“मी जाऊन सांगतो त्यांना. चूक माझी होती म्हणून. तुमची पत्रिका माझ्यापुढं उघडी होती तेव्हा. मी दिली नाही.”

गाडी घाटाला लागली होती आणि ते एका हातानं वरचा दांडा धरून उभे होते. रागावतील असं वाटलं, रागावले असते तर मला हवंच होतं.

“तुम्ही जासान,” ते म्हणाले, “अन् ते मले विचारतीन, हा परका मानूस पत्रिका दाबून बसला होता तं तू काय करून राह्यला होता? मंग मी काय सांगू? की खुर्चीत बसून होतो?”

मागून कुणीतरी तिकिटासाठी हाक मारली. “राहू द्या,” ते म्हणाले आणि पुढच्या सीटकडं गेले.